मुलांना ताना वहीत लिहून देऊ नका

शाळेत गाणं शिकवणाऱ्या बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की उपज, म्हणजे गाता गाता स्वतःला सुचेल ते गाणं, वगैरे पुढचं पुढे, आधी पोरांना सूर तर लागू देत. मला हे बिलकुल पटत नाही. पाचवीतलं मूल बाकावर ठेका धरतं, जाहिरातीची चाल हवी तशी वळवतं, मग गाण्याच्या तासालाच त्याने गप्प का बसायचं?

मी भूप रागापासून सुरू करते. म आणि नी नाहीत, उरलेले पाचही शुद्ध, त्यामुळे मूल कुठूनही कुठे गेलं तरी कानाला फारसं खटकत नाही, आणि अख्ख्या वर्गासमोर एकट्याने गायला घाबरणाऱ्या मुलाला हाच मोठा आधार. सुरुवातीला तर सा रे ग एवढंच. मोबाईलवर तानपुरा, काळी चार पट्टी, केरवा ताल चालू, बाकीचे टाळी देतायत, मी चार मात्रा (तालाचे ठोके) गाणार आणि पुढच्या चार मात्रांत मुलाने उत्तर द्यायचं, अट एकच, माझंच परत म्हणायचं नाही. कोणी नुसतं ग वर थांबून राहतं, आणि काय सुंदर वाटतं ते! सगळं सरगममध्येच, म्हणजे स्वरांची नावं घेतच हं, नुसतं 'आ' करून गायचा आकार नंतर, कारण आकारात आपण कुठल्या स्वरावर आहोत हेच मुलांना कळेनासं होतं.

मग तीनताल. 16 मात्रा हातावर पक्क्या झाल्या की नवव्या मात्रेला उठणारी बंदिश (रागात-तालात बांधलेलं गाणं) घ्यायची, समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, 8 मात्रा एकाने स्वतःचं काहीतरी गायचं आणि खालीला, म्हणजे नवव्या मात्रेला, सगळ्या वर्गाने मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवात, उचलायचा. मूल मध्येच अडकलं तरी वर्ग त्याला समेवर आणून सोडतोच. लिहून दिलेल्या तानांनी, म्हणजे स्वरांच्या जलद ओळींनी, परीक्षा पास होते हो, पण समेकडे यायची ती ओढ मुलाला कधी जाणवतच नाही.

भूप गाताना कोणी ध वर जास्त रेंगाळलं तर लगेच टोकू नका. आठवीच्या मुलांना मी तेच पाच स्वर ध ला धरून गाऊन दाखवते, म्हणजे देशकार हा वेगळाच राग, आणि विचारते काय बदललं, यावर जी चर्चा होते ती कुठल्याच पुस्तकातून झाली नसती.

दिवाळीनंतर दुर्गा राग घेणार आहे. तिथे ग नाही, म आहे, ग ची सवय लागलेली पोरं काय करतात ते बघायचंय.