मस्टँग, कॅच कॅन आणि लोणच्याची बरणी

मंडळाच्या गणपतीची आरती झाली, प्रसादाची वाटी अजून हातात होती, तेवढ्यात मंडळातल्या एका नव्या पोरानं विचारलंच. "दादा, कॅच कॅन बसवून घेऊ का?"

दोन आठवड्यांपूर्वी त्यानं फोर्डची सेकंडहँड मस्टँग जीटी घेतली आहे, 2019ची. इंजिनाला कुणी हात लावलेला नाही, कंपनीतून आलं तसं आहे. डेट्रॉइटकडे नोकरीला आलेल्या आपल्या पोरांना हा ताप एकदा येऊन जातो. मलाही आला होता, माझी 2018ची. मी म्हटलं, "आधी मोदक संपव, मग घरी ये. बरणी दाखवतो."

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला वायू थोडा त्यांच्या कडेनं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या तळघरात, उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात पाण्याची वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं आणि ऑइलचं धुकं असतं. पूर्वी हे सगळं एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडून द्यायचे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियानं धुरक्यापायी त्यावर बंदी आणायला सुरुवात केली आणि ही हवा परत इंजिनात वळवणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. तेव्हापासून इंजिन स्वतःचा ढेकर स्वतःच गिळतं: क्रँककेसमधली हवा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पुरवणारा नळ्यांचा जुडगा) ओढून घेतो आणि ती सिलिंडरात जळून जाते. कॅच कॅन म्हणजे या नळीच्या मध्ये बसवलेला डबा. आतल्या जाळीवर ऑइल थांबतं, हवा पुढे जाते. डबा नसेल तर हे ऑइल व्हॉल्व्हवर काजळी होऊन बसेल, या भीतीनं लोक तो बसवतात.

मला हा प्रकार लहानपणापासून माहीत होता, फक्त नाव माहीत नव्हतं. चिंचवडला बाबांची बुलेट उभी राहायची तिथे फरशीवर कायम पुठ्ठा असे. ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, थेंब पडायचे. "बुलेट गळायची थांबली तर समज, तेल संपलं," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. (सगळ्याच बुलेटवाल्यांचं असतं, हे मला फार उशिरा कळलं.)

2020च्या उन्हाळ्यात मी दीडशे डॉलर देऊन डबा आणला आणि उजव्या बाजूच्या नळीत बसवला, कारण या इंजिनात मॅनिफोल्डकडे जाणारी नळी तीच. वीस मिनिटांचं काम. मग रोज बॉनेट उघडून बघायचं. आमच्या पोरीच्या तापाच्या औषधाबरोबर आलेलं मिलिलिटरच्या खुणांचं झाकण मी ढापलं आणि वहीत नोंदी सुरू केल्या. उन्हाळ्यात हजार मैलांमागे सहा-सात मिलि. चहाचा एक चमचा आणि वर थोडं. पोटात साडेनऊ लिटर ऑइल असलेल्या इंजिनातून!

पण नेटवर लोक भरलेल्या डब्याचे फोटो टाकतात, काळंकुट्ट काहीतरी बाटलीत ओततात आणि खाली लिहितात, "हे सगळं माझ्या इंजिनात जाणार होतं." ते बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. माझ्याही आला होता. डिसेंबरात माझाही डबा असाच भरला. तीनशे मैलांत तीस मिलि. रंग कॉफीत ताक ओतल्यासारखा, वास पेट्रोलचा. मी ते रिकाम्या लोणच्याच्या बरणीत ओतून गॅरेजच्या फळीवर ठेवलं. बायको दोनदा बघून गेली, तिसऱ्यांदा म्हणाली, "हे लोणचं अजून किती दिवस मुरायचंय?"

मुरलं. आठवड्याभरानं बरणीत थर दिसले. खाली गढूळ पाणी, ओतलेल्यातलं जवळजवळ पाऊण, मध्ये पिवळट साय आणि वर ऑइलची पातळ कड. म्हणजे मी जे ऑइल म्हणून पकडत होतो ते बहुतेक पाणी होतं. माझं ऑफिस चार मैलांवर. एवढ्या अंतरात मिशिगनच्या थंडीत ऑइल धड गरम होत नाही, वाफ उडून जात नाही आणि पुढे थंडगार डबा वाट बघत बसलेला. पाणी तिथेच जमणार. डबा नसता तर ती वाफ इंजिनात जाऊन एक्झॉस्टमधून निघून गेली असती, कुणाचं काही बिघडलं नसतं.

जानेवारीत खरी भीती वाटली. उणे अठराची सकाळ, मी डबा फिरवून काढला आणि तो खुळखुळला. आत बर्फ. जाळी अर्धी गोठलेली. नळी पूर्ण बंद झाली असती तर क्रँककेसमध्ये दाब वाढून ऑइल सीलमधून बाहेर आलं असतं. निरोगी इंजिनाला मी दीडशे डॉलर खर्चून बद्धकोष्ठ करायला निघालो होतो. त्याच दिवशी जुनी नळी परत लावली.

आता व्हॉल्व्हवरच्या काजळीचं. ही भीती खोटी नाही. पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपांवर, पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि ऑइलचं धुकं त्यावर भाजून बसतं. तुमची गाडी तशी असेल तर माझं ऐकू नका, वेगळा विचार करा. पण 2018पासून मस्टँग जीटीच्या 5.0 लिटर इंजिनात दोन्ही प्रकारचे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) आहेत, थेटही आणि पोर्टमध्येही, म्हणजे व्हॉल्व्हच्या आधीच्या हवेच्या वाटेत. पोर्टमधला व्हॉल्व्हच्या पाठीवरच फवारतो. डबा बसवण्याआधी, 22,000 मैलांवर, मी मॅनिफोल्ड उतरवून बघितलं होतं, आणि डब्याशिवाय तीन वर्षं चालवून 58,000वर पुन्हा. दोन्ही वेळा तीच तपकिरी, पातळ झिलई. नखानं खरवडली तर निघते.

मग हा डबा कुणासाठी? मुळात तो रेसवाल्यांचा. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत ब्रीदर उघडा असेल तर 2000 सीसीपर्यंत 2 लिटरचा आणि त्यावर 3 लिटरचा डबा लागतो, आणि तोही इंजिनाच्या काळजीपोटी नाही, ट्रॅकवर ऑइल सांडून मागचा घसरू नये म्हणून. साउथ हेवनच्या जिंजरमॅन ट्रॅकवर मी डबा लावून गेलो होतो. दिवसभरात वीस-वीस मिनिटांच्या चार फेऱ्या, आरपीएमची सुई सात हजाराच्या वर. संध्याकाळी झाकणानं मोजलं, 38 मिलि. आणि ते पाणी नव्हतं, मधासारखं स्वच्छ ऑइल होतं. लांब वळणावर ऑइल एका बाजूला चढतं, वर ब्लो-बाय जोरात, मग ते नळीत शिरणारच. त्या दिवशी डब्यानं आपले पैसे वसूल केले. टर्बो किंवा सुपरचार्जर लावणाऱ्यांनाही तो हवा. दाबानं हवा भरलेल्या इंजिनात ऑइल मिसळलं की नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल वेळेआधी भडकून इंजिनाला ठोके बसण्याची, शक्यता वाढते.

पोरगा शनिवारी आला, बरणी उजेडात धरून बघितली, वास घेऊन तोंड वाकडं केलं. मग हळूच म्हणाला, "दादा, मी ऑर्डर केलाय पण."

"परत पाठव," म्हटलं. "ते पैसे विंटर टायरला ठेव. आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर ऑइल भरू देऊ नकोस, जास्त भरलं की धुकं वाढतं."

"आणि जूनमध्ये जिंजरमॅनला गेलो तर?"

फळीवरचा माझा डबा काढून त्याच्या हातात दिला. परत आणताना रिकामा करून आण, एवढंच सांगितलं. बायकोला दुसरी बरणी चालणार नाही.