अतिवृष्टीनंतर एकराचा खरा हिशेब

पंचनाम्यात मुख्यतः पीक, बाधित क्षेत्र आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे की खाली, एवढंच येतं. त्यावर मिळतं ते निविष्ठा अनुदान. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत कोरडवाहू पिकाला ते हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी साधारण ३,४४० रुपये आहे. ही बियाण्या-खताला मदत आहे, तोट्याची भरपाई नाही. म्हणून गावाने स्वतःचा हिशेब वेगळा मांडायला हवा. गोल आकड्याच्या निवेदनापेक्षा मोजमाप जोडलेला कागद जास्त टिकतो.

सोयाबीनपासून सुरुवात करू. वावरात तीन ठिकाणी १० बाय ५ मीटरचे चौकोन आखा. धुऱ्यालगतचा भाग टाळा. फक्त खोलगट, पाणी साचलेली जागाही निवडू नका, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला हिशेब कोसळतो. शेंगा झोडून दाणा चांगला वाळवा आणि मगच तोला. ओला दाणा जास्त भरतो आणि तोटा कमी दिसतो. सरासरी किलोंना ८१ ने गुणलं की एकरी किलो निघतात. ३.७ किलो भरले तर एकरी ३ क्विंटल.

नेहमीचं उत्पन्न अंदाजाने सांगू नका, मागच्या वर्षांच्या अडत्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, काढा. समजा ते ८ क्विंटल आहे, चांगल्या मालाला ४,२०० भाव आहे आणि डागी मालाला ३,४००. यायचे होते ३३,६००, आले १०,२००. फरक २३,४००. न आलेल्या ५ क्विंटलची मळणी वाचली, क्विंटलला २५० धरले तर १,२५० वजा. चिखलातल्या सोंगणीची जास्तीची मजुरी १,००० मिळवा. एकरी तोटा २३,१५० रुपये. हमीभाव तेव्हाच धरा, जेव्हा त्या भावाने माल खरंच विकला गेला असता.

सर्रास होणारी चूक म्हणजे यात बियाणं, खत, फवारणीचा खर्च पुन्हा मिळवणं. तो खर्च ३३,६०० मधूनच निघणार होता, त्यामुळे तो दोनदा मोजला जातो. तपासणाऱ्याला हे लगेच दिसतं आणि मग तो बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही.

संपूर्ण गावाची बेरीज करताना मात्र पद्धत बदलते. शेतकऱ्याचा वाचलेला खर्च हा दुसऱ्या कुणाची तरी बुडालेली कमाई असतो. पऱ्हाटीची बोंडं सडून एकरी ३ क्विंटल कापूस गेला आणि वेचाई किलोला १० रुपये असेल, तर वेचणाऱ्या बायांचे ३,००० रुपये गेले. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांचं हे नुकसान पिकाच्या पंचनाम्यात येतच नाही. गावाच्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना हवाच.

सगळ्यात कमी मोजली जाते ती माती. नाला फुटून वावर खरडलं की न खरडलेल्या भागाच्या पातळीत दोरी ताणा, दहा ठिकाणी खोली मोजा, सरासरी काढा. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. चार इंच माती गेली तर १४,५२० घनफूट, म्हणजे १४५ ब्रास. जमीन वाहून गेल्यास याच निकषांत अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी ४७,००० रुपये आहेत, एकरी साधारण १९,०००. ब्रासमागे १३१ रुपये पडतात. गाळ भरणं, ट्रॅक्टर, डिझेल, पसरणं सगळं त्यात बसवायचं! २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्याने रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांची जोड जाहीर केली. ब्रासचा हिशेब हाती असेल तर अशा कामाची मागणी नेमकी करता येते. माती परत टाकली तरी पहिली काही वर्षं पीक पूर्ण येत नाही. ती घटही वर्षागणिक लिहा.

वरूड-मोर्शीकडच्या संत्र्यात एकदाच मोजणी करून भागत नाही. गळालेली फळं लगेच दिसतात, पण पाणी साचून मुळं सडलेली आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागलेली झाडं काही महिन्यांनी वाळतात. ६ बाय ६ मीटरवर एकरात साधारण ११० झाडं बसतात. प्रत्येकाला क्रमांक द्या, फोटो काढा, आणि पुढच्या उन्हाळ्यानंतर पुन्हा मोजा. मेलेल्या झाडाची किंमत म्हणून नुसता कलमाचा भाव लिहू नका. नवं झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. तेवढ्या वर्षांचं बुडालेलं निव्वळ उत्पन्न त्यात धरा, आणि त्या जागेत आंतरपीक घेणार असाल तर त्याची कमाई वजा करा.