थ्रिलरची सुरुवात: संगीत जरा उशिरा येऊ द्या

बहुतेक जण पहिल्याच शॉटपासून पार्श्वसंगीत चढवतात. मग खरा धक्का येतो तेव्हा वर जायला जागाच उरत नाही. त्यापेक्षा आधी खोलीचे आवाज द्या: पंख्याची घरघर, घड्याळाची टिकटिक. धक्क्याच्या दोन-तीन सेकंद आधी ते काढून घ्या. मात्र ट्रॅक पूर्ण कोरा ठेवू नका, प्रेक्षकाला वाटतं स्पीकर बिघडला. हलका रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा मंद आवाज, खाली राहू द्या.

धोका कुठे आहे हे प्रेक्षकाला माहीत असेल, तर शॉट लांबवा. माहीत नसेल, तर सगळी जागा दाखवणारा वाइड शॉट उशिरा द्या. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ या सिनेमाची (१९५८) सुरुवात पहिल्या प्रकारची. गाडीच्या डिकीत टाइम बॉम्ब, आणि तीन मिनिटांहून अधिक काळ एकही कट नाही. स्टुडिओने त्यावर श्रेयनामावली आणि संगीत चढवलं होतं. १९९८च्या पुनर्संपादनात ते काढून रस्त्यावरचे आवाज पुढे आणले. दोन्ही लागोपाठ बघाच, माझं मत दुसऱ्याला.

कट करताना पुढच्या शॉटचा आवाज १० ते १५ फ्रेम (साधारण अर्धा सेकंद) आधी सुरू करा. कुलपाचा खटका आधी, दार नंतर. पण हे प्रत्येक कटला केलंत तर युक्ती उघडी पडते.

आणि हो, हेडफोनवर भारी वाटणारा ४० हर्ट्झचा, म्हणजे अगदी खालच्या पट्टीतला, घुमारा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. त्यात २०० ते ४०० हर्ट्झचे थर मिसळा.