आपला कापूस जिथे उतरायचा

शाळेत ‘इचलकरंजी म्हणजे महाराष्ट्राचं मँचेस्टर’ असं पाठ केलं होतं. मँचेस्टर म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी खऱ्या मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरले, तेव्हा ते पाठांतर आठवलं.

मी अमळनेर तालुक्यातली. घरी कपाशी. अप्पा शेती करतात आणि माझे आजोबा, आमचे आबा, प्रताप मिल या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणण्याच्या मागावर होते. मी सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला एम.एस्सी. करते. इथे आपल्या खान्देशातले आम्ही चौघं दिवाळीच्या कार्यक्रमात भेटलो: चोपड्याचा एक जण, नंदुरबारचा एक, यावलची एक मैत्रीण आणि मी. आम्ही तिघं अहिराणीत बोलतो, यावलची लेवा बोलीत उत्तर देते आणि कोणाचं काही अडत नाही.

विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला फक्त २० तास काम करता येतं. ते तास बहुधा शनिवार-रविवारीच येतात, त्यामुळे चौघांना एकदम सुट्टी मिळणं अवघड. दोन दिवस जुळले आणि मँचेस्टर-लिव्हरपूल ठरलं. चोपड्याच्या मित्राला फुटबॉलचं मैदान बघायचं होतं, नंदुरबारच्याला बीटल्सचं गाव. मला दोन्ही शहरांत कापूस शोधायचा होता. मी तसं म्हटल्यावर तिघंही लगेच तयार झाले. तिघांच्याही घरी कपाशीच आहे.

खर्चाचं थोडक्यात सांगते, कारण गावाकडून पुष्कळ जण विचारतात. विद्यार्थ्यांच्या रेल्वे कार्डावर तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. रात्री हॉस्टेलमध्ये सहा जणांच्या खोलीत पलंग घेतले आणि तिथल्या स्वयंपाकघरात खिचडी टाकली. यावलच्या मैत्रिणीने डब्यात कळण्याच्या पुऱ्या आणि भरीत आणलं होतं. इथलं जांभळं वांगं ओव्हनमध्ये भाजलं तर बामणोदच्या वांग्याची चव येत नाही, पण ठेचा तिने सढळ हाताने घातला होता. आमची सकाळची गाडी ऐनवेळी रद्द झाली. पुढच्या गाडीची वाट बघत प्लॅटफॉर्मवरच निम्म्या पुऱ्या संपल्या.

लीड्स ते मँचेस्टर साधारण तासाभराचा प्रवास. मधे पेनाइन नावाच्या टेकड्या लागतात. आमच्याकडे नुसतं ढगाळ होतं, बोगदा ओलांडून पलीकडे निघालो तर खिडकीवर पाऊस. अटलांटिककडून येणारी ओली हवा या टेकड्यांना अडते आणि पश्चिमेच्या अंगाला बरसते. कापसाचा धागा कोरड्या हवेत तटातट तुटतो, दमट हवेत टिकतो. म्हणून कापसाच्या गिरण्या टेकड्यांच्या या बाजूला, लँकेशायरात वाढल्या आणि लीड्सच्या बाजूला लोकरीचा धंदा राहिला. हे वाचलं तेव्हा मला आबांचं बोलणं आठवलं. खान्देशच्या कोरड्या हवेत धागा तुटू नये म्हणून मिलच्या खात्यात मुद्दाम वाफ सोडत, आणि त्या दमटपणात आठ तास उभं राहून घरी येताना बाहेरची मे महिन्याची हवासुद्धा गार वाटायची, असं ते सांगत.

सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियमला तिकीट नाही. ते ज्या आवारात आहे, तिथेच १८३० चं लिव्हरपूल रोड स्टेशन आहे. उभी असलेली प्रवासी स्टेशनं मोजली तर जगातलं सगळ्यांत जुनं. १५ सप्टेंबर १८३० ला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ ला, म्हणजे २३ वर्षांनी. स्टेशनासमोरच जुनं गोदाम आहे. लिव्हरपूल बंदरात उतरलेल्या कापसाच्या गाठी रेल्वेने इथे यायच्या.

कापडाच्या दालनात जुनी यंत्रं नुसती मांडून ठेवलेली नाहीत. ठरलेल्या वेळी ती चालवून दाखवतात. पिंजणी झाली, मग कताई, आणि शेवटी साचा सुरू केला. एकच साचा. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, या बाजूचा त्या बाजूला आदळायला लागला आणि शेजारच्या मैत्रिणीचं बोलणं मला ऐकू येईना. साचा थांबल्यावर दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं की गिरणीत असे शेकडो साचे एकाच वेळी चालायचे. बायका एकमेकींशी ओठांची मोठी हालचाल करून, खुणांनी बोलायच्या. त्या बोलीला इथे ‘मी-मॉइंग’ असं नावच आहे. पुष्कळ जणी पुढे बहिऱ्या झाल्या.

मी तिथेच उभी राहिले. आमचे आबा घरात कायम मोठ्याने बोलायचे. कोणी काही सांगायला गेलं की ते आपल्या तोंडाकडे टक लावून बघायचे. आम्हा नातवंडांना वाटायचं, आबा रागावलेत. आजी त्यांच्याशी बोलताना आवाज काढायचीच नाही, नुसते ओठ हलवायची, आणि त्यांना सगळं समजायचं. मी हे घरातली एक सवय म्हणून पाहत आले होते. आबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचे कान साच्याने नेले, हे मला मँचेस्टरमध्ये कळलं.

त्या बाईंनी आणखी एक दाखवलं. धोट्यातली धाग्याची कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. एकच धोटा अनेकींच्या तोंडाला लागायचा, त्यातून रोग पसरायचे आणि कापसाची धूळ छातीत जायची ती वेगळीच. मी त्यांना सांगितलं, माझे आजोबा भारतात साच्यावर होते. त्यांनी मला साच्याच्या जवळ बोलावलं, न चालणाऱ्या एका धोट्यावर हात ठेवू दिला. लाकूड गुळगुळीत होतं, टोकाला पितळ.

दालनात कापसाच्या टंचाईची गोष्ट आहे. अमेरिकेत १८६१ ला यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरं अडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. गिरण्या बंद, मजूर उपाशी. तेव्हा सगळ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत कापसाचा भाव आभाळाला भिडला. नेमक्या त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खान्देशात पोहोचत होती. आपल्या गावांमधून बैलगाड्या भरून कापूस रेल्वेपर्यंत, तिथून मुंबई आणि मुंबईहून जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून लिव्हरपूल. सुएझचा कालवा १८६९ चा, त्यामुळे तेव्हा जवळची वाट नव्हती.

आणि इथे आपल्या कापसाचं नाव काय होतं? ‘सुरत’. मुंबईकडून येणाऱ्या सगळ्या कापसाला लँकेशायरात सुरत म्हणत. धागा आखूड, कचरा जास्त, साच्यावर सारखा तुटणारा. मजुराला विणलेल्या कापडाच्या तुकड्यावर पैसे मिळायचे, धागा तुटला की त्याची मजुरी बुडायची. प्रार्थनेत ‘देवा, कापूस दे, पण सुरत नको’ असं म्हणत, अशी आठवण इथे अजून सांगतात. अमळनेरहून सुरतेला जाणाऱ्या गाडीत मी लहानपणापासून बसत आले. मामा सुरतेला आहेत. तो शब्द इथे शिवीसारखा वापरला जायचा हे वाचून पोटात कालवलं. पण उपाशीपोटी तुटका धागा जोडत बसलेल्या त्या बाईवर तरी मी कशी रागावू? तिलाही तोच कापूस पुरत नव्हता आणि मुंबईचा बाजार कोसळल्यावर आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही पुरला नाही. १८६५ ला युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत आला आणि भाव धाडकन खाली आला.

दुपारी लिंकन चौकात अब्राहम लिंकनचा पुतळा पाहिला. ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या मजुरांनी सभा भरवून, स्वतः उपाशी असताना, गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. गुलामांनी वेचलेला कापूस मिळाला असता तर त्यांच्या गिरण्या सुरू झाल्या असत्या. लिंकनने १९ जानेवारी १८६३ ला त्यांना पत्र लिहून आभार मानले, त्यातला मजकूर चौथऱ्यावर कोरला आहे. नंदुरबारचा मित्र तो मजकूर पूर्ण वाचेपर्यंत हलला नाही. चार वाजता अंधारायला लागलं.

मग रॉयल एक्सचेंज. एके काळी इथे कापसाचे आणि कापडाचे सौदे व्हायचे, हजारो व्यापारी एका दालनात उभे असायचे. १९६८ ला व्यवहार बंद झाले. १९७६ पासून त्याच दालनात नाटकाचं थिएटर आहे, काचेचं आणि लोखंडाचं, मोठ्या खांबांवर तोललेलं, एखादं यान येऊन उतरावं तसं. पण वर भिंतीकडे पाहिलं की भावाचा फळा अजून आहे. शेवटच्या दिवशीचे भाव त्यावर तसेच राहू दिलेत.

मी अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. हिवाळ्यात आपण साडेपाच तास पुढे असतो, म्हणजे तिकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. वेचणीचे दिवस, अप्पा ओट्यावर बसले होते. मागच्या खोलीत पांढरा ढीग दिसत होता.

“काय व बाई, जेवनी का?”

मी फोन वर करून फळा दाखवला. सांगितलं, अप्पा, इथे कापसाचा भाव लिहायचे. अप्पा फोन अगदी डोळ्यांजवळ घेऊन बघत राहिले.

“तठे भाव काय लिखेल शे?”

आकडे जुन्या हिशोबातले, मला क्विंटलमध्ये करून सांगता येईनात. पण चोपड्याचा मित्र पुढे झाला आणि दोघांचं सुरू झालं: वेचणीची मजुरी किलोमागे किती, बोंडअळी किती, खेडा खरेदीवाला काय भाव देतोय, काट्यात किती मारतोय. पंधरा मिनिटं. त्या दालनात पिढ्यानपिढ्या कापसाच्या भावाचं बोलणं झालं, पण कापूस पिकवणारा माणूस तिथे बोललाय असं फारसं झालं नसेल. अप्पांचा आवाज त्या घुमटाखाली अहिराणीत घुमत होता आणि मला रडू येत होतं.

रविवारी लिव्हरपूल. चोपड्याच्या मित्राचं मैदान आदल्या दिवशी बाहेरूनच झालं होतं, नंदुरबारच्याचं बीटल्सचं सकाळी उरकलं. अल्बर्ट डॉक मात्र निवांत पाहिला. १८४६ ची गोदामं, विटा, दगड आणि ओतीव लोखंडाची. बांधकामात लाकूड वापरलेलं नाही, कारण आत ठेवलेला कापूस एका ठिणगीने पेटायचा. आपल्याकडे सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये दर उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी आठवल्या. इथल्यांनी तो धोका १८० वर्षांपूर्वी भिंती बांधतानाच धरला होता.

माझं खरं ठिकाण मात्र एक्सचेंज फ्लॅग्ज नावाचा फरसबंद चौक होता. मधे नेल्सनचं स्मारक. कापसाचे व्यापारी पूर्वी इथे उघड्यावर उभे राहून सौदे करत. आज गिरण्या गेल्या, बंदरात कापसाची जहाजं येत नाहीत, पण याच चौकातल्या एका इमारतीत इंटरनॅशनल कॉटन असोसिएशनचं कार्यालय आहे. जगातल्या कापूस व्यापाराचा मोठा भाग आजही त्यांच्या नियमांवर होतो. माल निघाला ब्राझीलहून, चालला बांगलादेशला, तरी भांडण झालं तर लवाद इथल्या नियमाने. कापसाच्या भावासाठी जगभर ज्याच्याकडे बघतात तो कॉटलुक ए इंडेक्स नावाचा निर्देशांकसुद्धा मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावरून, बर्कनहेडहून निघतो.

मी हे मैत्रिणीला सांगत होते तेव्हा ती म्हणाली, म्हणजे आपल्या गावातला व्यापारी ‘बाजार पडेल शे’ म्हणतो तो बाजार हा. अगदी हाच असं नाही. न्यूयॉर्कचा कापसाचा वायदेबाजार आहे, चीन-बांगलादेशची मागणी आहे, सरकारी हमीभाव आहे, सरकीचा दर आहे. पण गावच्या ओट्यावर बसून ज्या गोष्टी अजिबात दिसत नाहीत, त्यांतली एक इथे दिसत होती. ‘सुरत’ म्हणत तो आपला आखूड धाग्याचा कापूस तर बहुतेक गेला. २००२ नंतर बीटी आलं, शेतात आज बहुतेक अमेरिकन जातीच्या संकरातली कपाशी आहे. धागा लांब झाला, आखूड म्हणून नाव ठेवायला जागा राहिली नाही. भाव ठरवण्यात मात्र अप्पांचा शब्द तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. कापूस घरात भरून ठेवायचा आणि थांबायचं, एवढंच त्यांच्या हातात. आमच्याकडे त्या खोलीत झोपलं की अंगाला खाज सुटते, पण भाव येईपर्यंत ती खोली कोणी रिकामी करत नाही.

मी चौकाचा फोटो अप्पांना पाठवला आणि खाली लिहिलं, कापसाच्या नियमांचं ऑफिस इथे आहे. लगेच त्यांचा आवाजी निरोप आला.

“ऊनीच शे तठे तर इचारी ये त्यासले, यंदा भाव वाढी का?”

ते मनापासून विचारत होते. मुलगी तिथवर पोहोचली आहे, तर विचारून यावं. मी त्या इमारतीच्या दारापर्यंत गेले. तिघंही माझ्यासोबत आले, कोणी काही बोललं नाही. रविवार होता, दार बंद होतं. पाऊस भुरभुरत होता आणि आमच्या गाडीला पाऊण तास उरला होता.