आमची वाटचाल : पाटीवरचं नाव आणि वाफ्यातला कंद

सांगलीकडे हळदीचं बेणं घेणारा माणूस कंद हातात घेतो, मोडून आतला रंग बघतो, वास घेतो आणि मग भावाला बसतो. आमच्या गिऱ्हाइकाला यातलं काहीच करता येत नाही. दाढीवाल्या आयरिसचे (खालच्या पाकळीवर केसाळ पट्टा असतो, ती दाढी) कंद आम्ही जुलैत काढतो, मुळं छाटतो, पानांचा पंखा १५ ते २० सेंटिमीटरवर कापतो आणि खोक्यात भरून पाठवतो. फूल निळं असो, पिवळं असो की विटकरी, कंद दिसायला सारखेच. फूल येणार दहा महिन्यांनी, मेमध्ये. म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजतं ते नावाचे. ते नाव खरं की खोटं, याचा निवाडा ते करतं ऑनलाइन माहितीकोशातला फोटो बघून.

अमेरिकेत ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यात, सेलमच्या उत्तरेला, आमची दोन एकरांची नर्सरी आहे. बाजारात येऊन ३० वर्षं उलटलेल्या, म्हणजे इथल्या भाषेत ऐतिहासिक ठरलेल्या जातीच आम्ही ठेवतो. सुरुवात चुकीनेच झाली. सासरे हळदवाले. त्यांच्या सांगण्यावरून पहिल्या वर्षी कंद हळदीसारखे दोन इंच खोल पुरले आणि हिवाळ्याच्या पावसात तिसरा हिस्सा सडला. आयरिसच्या कंदाची पाठ उन्हाला उघडी हवी, मुळं तेवढी मातीत. इथली मऊ कूज जिवाणूची. दाबलं की कंद लगद्यासारखा होतो आणि वास लपत नाही. सडलेला भाग चमच्याने घट्ट गरापर्यंत खरवडायचा, एकास नऊ या प्रमाणात ब्लीचचं पाणी लावायचं, दोन दिवस उन्हात ठेवायचा. चाकू आणि सिकेटर प्रत्येक गड्ड्यानंतर त्याच पाण्यात बुडवायचं. एवढं शिकल्यावर गादीवाफे केले, नत्र हात राखून दिलं, आणि पुढची पाच वर्षं नीट गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सातव्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली तक्रार आली. जातीचं नाव घेत नाही, कारण घेतलं तर या वादातली समोरची नर्सरी कोण ते या धंद्यातल्या कुणालाही लगेच कळेल. एवढंच सांगते, जुनी प्लिकाटा आहे : पांढऱ्या पाकळीला निळ्या टाक्यांची किनार. आमच्या यादीत सगळ्यात जास्त खपणारी. गिऱ्हाइकाने लिहिलं, ‘तुम्ही पाठवलेलं फूल ते नव्हे.’ सोबत माहितीकोशातला फोटो. त्या फोटोत किनार रुंद, दाढी नारिंगी. आमच्या फुलाची किनार अरुंद, दाढी पांढरी आणि घशाशी पिवळी. महिनाभरात अशा तक्रारींची रांग लागली. जूनमध्ये पुढच्या मोसमाच्या ऑर्डरी येतात. निम्म्याहून जास्त रद्द झाल्या. आम्ही पैसे परत दिले. काढणीच्या मजुरांना आगाऊ दिलेली रक्कम मात्र गेली ती गेली.

फोटो चढवला होता दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या नर्सरीने. त्या जातीचा तो पहिलाच फोटो, म्हणून तोच खरा धरला गेला. पुढे हौशी बागाईतदारांनी त्यांच्याकडूनच कंद घेतले, त्यांच्या बागेतही तेच फूल आलं, त्यांनी आपले फोटो खाली जोडले. एकाच चुकीच्या मालाचे सात फोटो सात साक्षीदारांसारखे उभे राहिले. आम्ही त्या नर्सरीला तीन पत्रं लिहिली. दोन पत्रांना उत्तरच नाही. तिसऱ्याला आलं ते एका ओळीत : ‘आमचा फोटो सर्वमान्य आहे.’

अमेरिकन आयरिस सोसायटी १९२० साली स्थापन झाली आणि कांद्यापासून उगवणारे आयरिस सोडून बाकी सगळ्या आयरिसच्या नावांची जागतिक नोंदणी १९५५पासून तिच्याकडे आहे. त्या नोंदणीत संकरक, वर्ष, उंची, मोसम, रंगाचं वर्णन आणि आईबाप येतात. नोंदणी हा सातबारा आहे. फोटो ही शेजाऱ्याची साक्ष. दोन्हींत फरक पडला तर सातबारा आधी वाचायचा, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. पण स्क्रीनवर मोठा रंगीत फोटो असला की खालच्या दोन ओळी कुणी वाचत नाही. शिवाय आमच्या जातीच्या नोंदीत वाचायला फारसं नव्हतंच. १९३९च्या यादीत जुन्या जातींचा रंग अक्षर आणि आकड्यांच्या खुणेत लिहिलाय; उंच दाढीवाली, मधला मोसम, एवढं कळतं. दाढीचा रंग नाही, फांद्यांची संख्या नाही.

आमच्याही पदरात दोष होता आणि तो मान्य करते. सात वर्षांत आम्ही त्या जातीचे चाळीसेक फोटो काढले होते, सगळे समोरून घेतलेले फुलाचे. दांड्याचा एक नाही, बुंध्याचा एक नाही. कंद कुणाकडून, कोणत्या साली आला, तेही बिलावर होतं, फोटोसोबत नव्हतं.

आम्हाला वाचवलं ते पूर्व वॉशिंग्टनमधल्या एका निवृत्त शिक्षिका बाईंनी. पहिल्या वर्षापासून त्या आमच्याकडून दरसाल पाच कंद घेतात, कधी सहा नाही, कधी चार नाही. ती प्लिकाटा मुळात त्यांच्याच वाफ्यातून आमच्याकडे आली होती. प्रत्येक जातीचं एक जाड कार्ड त्या ठेवतात : कंद कुठून आला, लावल्याची तारीख, कितव्या ओळीत कितवा, पहिलं फूल कधी, गड्डा कधी फोडला. पाट्या जस्ताच्या, पण त्यांचा भरवसा पाटीवर नाही, नकाशावर. ‘पाटी खारसुद्धा हलवते, ओळ कोण हलवणार?’ असं त्या म्हणायच्या. त्या जातीच्या कार्डाला कंद जिथून मागवला त्या नर्सरीच्या जुन्या यादीचं पान टाचलेलं होतं आणि त्या पानावर दाढीचा रंग छापलेला होता. पांढरा.

बाईंनी तीन कंद पाठवले. आमचे तीन घेतले. समोरच्या नर्सरीचे तीन पूर्ण दराने विकत मागवले. नऊही एकाच वाफ्यात लावले, १८ इंचांवर, आलटूनपालटून, म्हणजे ओल किंवा सावली कुठे कमीजास्त असली तर ती तिघांच्याही वाट्याला यावी. पहिल्या वसंतातलं फूल पुराव्यात धरलं नाही. नुकत्या हलवलेल्या कंदाचा दांडा बुटका राहतो, फांद्या कमी फुटतात, कधी कधी किनारही फिकट येते. ज्यांना चाचणी करायची आहे त्यांनी दुसऱ्या वसंतापर्यंत थांबावंच. घाई करून वाद वाढतो.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्येच निकाल लागला होता. बाईंच्या आणि आमच्या पंख्यांचा बुंधा हिरवा, समोरच्या नर्सरीच्या पंख्यांचा बुंधा जांभळा. ही खूण वसंतात ठळक असते, उन्हाळ्यात पुसट होते, म्हणून तिचा फोटो तेव्हाच घ्यावा लागतो. मग फुलं आली. समोरच्या नर्सरीचं आठ दिवस आधी. उंचीत चार इंचांचा फरक, फांद्या तीनऐवजी दोन. सगळी मोजमापं, तारखा, बाईंचं कार्ड आणि यादीचं पान आम्ही माहितीकोशाच्या संपादकांकडे पाठवलं. फोटो हलवले गेले, ‘ओळख संशयास्पद’ असा शेरा लागला. समोरच्या नर्सरीने पुढच्या यादीत फोटो गुपचूप बदलला. माफीची एक ओळ आजवर आली नाही. ज्यांनी आम्हाला लबाड म्हटलं त्यांच्यापैकी दोघांनी परत ऑर्डर दिली, बाकीचे गेले.

तेव्हापासून फोटो काढण्याची आमची रीत ठरलेली आहे आणि नव्या बागाईतदारांनी ती जशीच्या तशी उचलावी. पहिला फोटो पाटीचा, मग रोपाचा. उलट कधीच नाही. मधेच कुणी हाक मारली आणि क्रम चुकला, तर संध्याकाळी संगणकावर एका ओळीची सगळी नावं एक घर पुढे सरकतात. पाटीनंतर पूर्ण गड्डा, मग काळ्या फळीपुढे दांडा आणि शेजारी इंचांची पट्टी, मग डोळ्याच्या उंचीवरून फूल, वरून फूल, शेवटी दाढी आणि पाकळीच्या देठाकडच्या रेषा जवळून. फूल उमललेल्या पहिल्या दिवसाचं हवं. दुसऱ्या दिवशी रंग उतरतो आणि मग लोक फिक्या फोटोवरून वेगळी जात ठरवतात.

निळा रंग हे वेगळं दुखणं आहे. आयरिसचं निळं रंगद्रव्य दूरच्या तांबड्या प्रकाशालाही परावर्तित करतं. डोळ्याला तो जवळपास दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. म्हणून वाफ्यात निळं असलेलं फूल फोटोत जांभळं येतं. पातळ ढगांचा दिवस निवडा, संध्याकाळचं पिवळं ऊन टाळा, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवणी) आपोआपवर ठेवू नका, पहिल्या फोटोत रंग जुळवायला करडं कार्ड धरा. तरीही फरक उरला तर फोटो रंगवत बसू नका, खाली लिहा : प्रत्यक्षात अधिक निळं. एक ओळ पुरते. आणि आपल्या नर्सरीचा शिक्का पाकळ्यांवर आडवा मारू नका. चोरी होते, आमचेही फोटो उचललेत, पण शिक्क्याखाली दाढी झाकली तर तो फोटो कुणाच्या कामाचा?

फोटोखाली कंदाचा उगम आणि साल लिहायलाच हवं. दहा फोटो एकाच उगमाचे असतील तर तो पुरावा एकच. आईबाप लिहितानाही लोक उलटापालट करतात : आधी जिच्यावर शेंग धरली ती, मग जिचा पराग वापरला ती. आणि नुसत्या फोटोवरून बेनामी रोपाला नाव चिकटवू नका. पिवळ्या रंगाच्या जाती शेकड्यांनी आहेत.

नावं बिघडतात कुठे, हे शोधलं तर बहुतेक वेळा वाफ्यातच सापडतं. मधमाश्यांनी धरलेली शेंग दांड्यावर वाळू दिली की बी गड्ड्यातच पडतं. त्याचं रोप दोन-तीन वर्षांत फुलावर येतं आणि जोमदार असलं तर मूळ जातीला दाबून टाकतं. पाटी तीच, माल दुसरा. समोरच्या नर्सरीचं असंच झालं असावं, असं मला वाटतं. म्हणून फूल सरलं की दांडा बुडाशी मोडायचा, उद्यावर ढकलायचा नाही. दुसरं कारण काढणीचं. फोर्कने गड्डा उचलताना बाजूचा एखादा फुटवा तुटून मातीत राहतो आणि पुढच्या वर्षी तिथे लावलेल्या जातीच्या नावाने उगवतो. काढलेल्या वाफ्यात आम्ही वर्षभर आयरिस लावत नाही. उगवेल ते उपटतो. कंद टोपलीत पडण्याआधी पानावरच पक्क्या शाईच्या पेनने नाव लिहितो. पाट्यांना लॅमिनेटेड टेप; साध्या मार्करची शाई दोन उन्हाळ्यांत उडते.

पुण्या-नाशिकहून कंद मागणारे निरोप येतात. त्यांना सांगते, मागवू नका. उंच दाढीवाल्यांना खरी थंडी लागते, महाराष्ट्राच्या पठारावर पानंच बघत बसाल. शिवाय परवाना आणि विलगीकरणाचा खर्च कंदाच्या कितीतरी पट. हौस असेलच तर लुईझियाना गटातल्या जाती बघा, त्या उष्ण हवेत टिकतात. आपल्याकडे ‘चालती आयरिस’ म्हणून मिळते ती निओमारिका. त्याच कुळातली, पण आयरिस नव्हे. तिचा फोटो काढाल तर खाली निओमारिकाच लिहा.

बाईंना आता वाकवत नाही. गेल्या शरदात त्यांनी कार्डांची लाकडी पेटी आमच्या हवाली केली. काढणी संपल्यावर रात्री एकेक कार्ड दोन्ही बाजूंनी स्कॅन करतो. पेन्सिलचा मजकूर पुसट झालाय, म्हणून दिव्याखाली तिरपं धरून वाचावं लागतं. त्यातल्या तीन जातींचा फोटो आम्हाला कुठल्याही माहितीकोशात सापडला नाही. त्यांचे कंद बाईंच्या नकाशावरून ओळ मोजत आम्ही ऑगस्टमध्ये काढून आणले, सातव्या वाफ्यात लावलेत. येत्या एप्रिलमध्ये बुंध्याचे फोटो घेऊ. फुलाचे फोटो त्यापुढच्या वर्षीच्या मेमध्येच चढवू.