आवाज दे की!

कॉलेजात मी दोन वर्षं फुटबॉल खेळलो. खेळलो म्हणजे पहिलं वर्ष बाकावरच काढलं, कारण मी राखीव गोलकीपर, आणि राखीव गोलकीपरइतका निवांत माणूस जगात दुसरा नसेल. फॉरवर्ड दमतो, विंगरच्या पोटरीत गोळा येतो, त्यांच्या जागी कोणतरी आत जातं, पण गोलकीपर दमत नाही हो, त्याचं बोटबिट मोडावं लागतं. आपल्याच मित्राचं बोट मोडावं असं मनात येणं बरं नाही, पण येतं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वर्षी झोनल स्पर्धेच्या आधी ते खरंच मोडलं. (मी काही केलं नाही, कॉलेजच्या जिन्यात पडला तो.)

आता कोल्हापूरचा फुटबॉल बाहेरच्या माणसाला सांगायचा म्हणजे आधी तालीम सांगावी लागते. टीमची नावंच बघा, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. नाव कुस्तीचं आणि वेड फुटबॉलचं. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली दुकानं सुद्धा अर्धं शटर ओढून बसतात, आणि कोणत्या टीमचा हे विचारायची गरज नसते, घर कुठं ते विचारलं की झालं. कॉलेजच्या टीममध्ये मात्र या सगळ्या पेठांची पोरं एकाच रंगाच्या जर्सीत कोंबलेली. रविवारी ज्यानं तुमच्या नडगीवर स्टड घातला तोच बुधवारी तुमचा स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात मधोमध उभा राहून बॉल अडवणारा.

माझा स्टॉपर असाच होता. आमच्यात बोलणं नव्हतं. भांडण पण नव्हतं म्हणा, फक्त बोलणं नव्हतं, पेठ वेगळी. सर सांगून दमले, अरे गोलकीपरला अख्खं मैदान समोर दिसतं, बाकीच्यांची पाठ असते, तू ओरडायचं. मला ओरडायची लाज वाटायची. घरात तिसरा मुलगा, तोंड वर करून बोलायची सवयच नाही.

मग व्हायचं तेच झालं. पाऊस पडून गेलेला, गोलसमोर नुसता चिखल, शेवटची पाचसात मिनिटं, शून्य-शून्य. डावीकडून एक उंच क्रॉस आला आणि गोलपुढची सहा यार्डाची डबी अन् पेनल्टीचा ठिपका यांच्या मधोमध पडायला लागला. ती जागा मोजली तर साडेपाच मीटरची. मी पुढं आलो, स्टॉपर मागं आला, मी थांबलो, मला वाटलं तो मारतोय, तो थांबला, त्याला वाटलं मी धरतोय, बॉल टप्पा खाऊन चिखलात बसला आणि त्यांच्या एका बारक्या पोरानं सावकाश येऊन तो आत ढकलला. जोरात सुद्धा मारला नाही, मेल्यानं.

गोल खाल्ल्याचं एवढं वाईट नाही वाटलं, आम्ही दोघं तो आत जाताना बघत उभे होतो त्याचं वाटलं. तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला ते तेव्हा, "आवाज दे की!" पुढं जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर मी ओरडायला शिकलो. आता पिंडच तो झालाय. ऑफिसात एखाद्या ईमेलमध्ये सहाजण सीसीत असतात आणि सहाही जण समजतात की उत्तर दुसरा देतोय, तिथं मी लगेच लिहून टाकतो की हे मी बघतो. हौस म्हणून नाही, मला तो चिखलात बसलेला बॉल दिसतो. घरी अजून जमत नाही बरं का. परवा दूध उतू गेलं, मी बायकोच्या भरवशावर आणि बायको माझ्या, दोघंही ओट्यापासून चार पावलांवर. गॅस पुसताना मी तिला साडेपाच मीटरची गोष्ट सांगायला गेलो तर म्हणाली, आधी पुसा.

स्टॉपर आता जवळचा दोस्त आहे. 2017 ला आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 17 वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून उतरला तेव्हा आम्ही एकाच टीव्हीसमोर बसून घसा फोडून घेतला. स्टेडियमवर मात्र तो त्याच्या पेठेत, मी माझ्या, ते काय बदलत नाही. मॅच सुटली की बाहेर गाड्यावर चहा होतो आणि दुसऱ्या घोटाला विषय निघतोच, तो क्रॉस कुणाचा होता. तो म्हणतो तुझा. मी म्हणतो तुझा. चहावाला म्हणतो पैसे कोण देणार ते सांगा आधी, तेव्हा परत दोघंही गप्प.