हिरवा ठिपका बघून निवांत होऊ नका

माझ्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, आता सहा वर्षांचा आहे तो. मागच्या वर्षी सोसायटीत एका वाढदिवसाला मसाला वेफर्स खाल्ले आणि वीस मिनिटांत ओठ सुजले, पाठभर गांधी उठल्या. तिथल्या आजी म्हणाल्या पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही कारण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या हेच करतात, पण मला माहीत होतं की हे पित्त नाहीये. डॉक्टरांनी दिलेलं औषध पर्समध्ये होतं ते दिलं आणि तडक हॉस्पिटल गाठलं. नंतर घरी येऊन ते पाकीट मागवून घेतलं. वर हिरवा ठिपका होता, आणि मागे बटाटा, तेल, मग मसाल्याच्या कंसात आठ-दहा गोष्टी, त्यात बारीक अक्षरात मिल्क सॉलिड्स!

बटाट्याच्या वेफर्समध्ये दूध असेल असं कोणाच्या मनात तरी येईल का?

तर सगळ्यात आधी हे समजून घ्या की हिरवा ठिपका फक्त एवढंच सांगतो की त्यात मांस, मासे, अंडं वगैरे नाही. आपल्या कायद्यात दूध, दुधाचे पदार्थ, मध हे सगळं व्हेजच धरतात, म्हणजे ज्याला दुधाची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी तो ठिपका काहीच सांगत नाही. (अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना थोडं सोपं जातं, अंडं असेल तर तपकिरी त्रिकोण असतो.)

मी आता पाकीट उलटं करून आधी "कन्टेन्स" किंवा "ॲलर्जन इन्फर्मेशन" ही ओळ शोधते. एफएसएसएआयच्या (म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) 2020 च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, गव्हासारखं ग्लूटेनवालं धान्य ही नावं वेगळी लिहावी लागतात. पण मी तेवढ्यावर थांबत नाही, पूर्ण यादी वाचतेच, आणि मसाल्याच्या कंसातलं तर दोनदा. कारण दूध तिथे दूध म्हणून येत नाही ना. व्हे पावडर, केसिन, सोडियम केसिनेट, बटरमिल्क पावडर, चीज पावडर, लॅक्टोज, हे सगळं दुधातूनच आलेलं. टोमॅटो फ्लेवर, क्रीम अँड अनियन, पेरी पेरी, कशातही सापडतं. साधे खारे वेफर्स बऱ्याचदा ठीक असतात, पण वाचून. बिस्किटांमध्ये तर दूध नाही असं पाकीट शोधायलाच वेळ लागतो.

आणि "लॅक्टोज फ्री चालेल ना त्याला?" हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. नाही चालत. लॅक्टोज ही दुधातली साखर, ती न पचणं वेगळं. ॲलर्जी असते दुधातल्या प्रोटीनची, ते लॅक्टोज फ्री दुधात तसंच्या तसं असतं. तुपातही थोडं प्रोटीन राहू शकतं म्हणून आमच्या डॉक्टरांनी तूपसुद्धा बंद ठेवलंय, तुमच्या मुलाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

"मे कन्टेन मिल्क" म्हणजे त्याच मशीनवर दुधाचे पदार्थही बनतात, ते मी घेतच नाही, बाकीचे घेतात, ज्याची त्याची ॲलर्जी किती तीव्र त्यावर आहे. व्हीगन लोगो दिसला तरी ही ओळ बघायची, कारण दूध घातलेलं नाही आणि दुधाचा अंशही लागलेला नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सगळ्यात जास्त भीती मला बरणीतल्या सुट्या गोळ्या-चॉकलेटांची वाटते. पाकिटाचा पृष्ठभाग 100 चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त नसेल तर त्यावर घटकांची यादी छापायची सक्ती नाही, ती मोठ्या पॅकवर असते, आणि मोठा पॅक दुकानदाराने कधीच फेकून दिलेला असतो. शाळेत वाढदिवसाला नेमकं हेच वाटतात. मी बाईंकडे एक डबा देऊन ठेवलाय, त्यात त्याच्यासाठी शेंगदाण्याची घरची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू, कोणी काही वाटलं की बाई त्याला त्यातलं देतात. बाईंचे खरंच उपकार आहेत.

आणि एकदा चाललेलं पाकीट कायम चालेल असं धरू नका, रेसिपी बदलतात, पाकीट तेच दिसतं. त्याचे आवडते कुरमुऱ्याचे स्टिक्स आम्ही वर्षभर आणत होतो, एका नव्या पाकिटावर अचानक व्हे पावडर.

सुट्या फरसाणाला तर लेबलच नसतं. तिथे मी सरळ विचारते, "काका, मोहन कशाचं घातलंय?" तेलाचं म्हणाले तर पुढचा प्रश्न, याच कढईत तुपातलं काही तळता का, चकलीत लोणी आहे का, झारा तोच वापरता का. बहुतेक जण नीट सांगतात, एकांनी तर कारागिराला आतून बोलावून माझ्यासमोर विचारलं. पण "नसेल बहुतेक" असं उत्तर आलं की मी घेत नाही, घरी येऊन पातळ पोह्यांचा चिवडा करते, अर्ध्या तासात होतो.